अमेरिकन साहित्याच्या पेपरला मदत कोणाची घ्यायची, आणि मागायची कशी

दारव्हा तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आहे. एम.ए. इंग्रजी, पहिलं वर्ष. बारावीपर्यंत मराठी माध्यम. अमेरिकन साहित्य शिकवणारे तासिका तत्त्वावरचे सर निम्म्या सत्रात नोकरी सोडून गेले, आणि आता महिनाभरात दोन असाइनमेंट द्यायच्या आहेत. मागच्या असाइनमेंटवर शेरा मिळाला होता, ‘नुसतं कथानक लिहिलं, विश्लेषण नाही’. ऑनलाइन शिकवणारा एक जण ताशी पैसे मागतो. दुसरा म्हणतो, विषय सांगा, अख्खा निबंध दोन दिवसांत लिहून देतो. कोणाची मदत घेऊ, आणि विश्लेषण म्हणजे नेमकं लिहायचं तरी काय, असं तिनं विचारलं आहे.

दुसऱ्याचं आधी निकालात काढते. घेऊ नकोस. नीतीची गोष्ट बाजूला ठेव, ती तुलाही कळते. व्यवहाराचंच बघ. असाइनमेंटचे गुण थोडे, लेखी पेपरचे जास्त, आणि लेखी पेपरला तो माणूस तुझ्या बाकावर येऊन बसणार नाही. शिवाय असे विकतचे निबंध मी तीस वर्षं तपासले आहेत. पूर्वी ते गाईडातून यायचे, मग झेरॉक्सच्या दुकानातून, आता मोबाईलमधून येतात. वास तोच.

आता ‘विश्लेषण नाही’ या शेऱ्याकडे येते. हा शेरा आम्ही शिक्षक फार सहज मारतो आणि तो कसा दुरुस्त करायचा ते क्वचितच सांगतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. मला तो अर्थ नीट उलगडून दाखवला तो एका विद्यार्थ्यानं.

रॉबर्ट फ्रॉस्टची ‘मेंडिंग वॉल’ शिकवत होते. तुझ्याही अभ्यासक्रमात ती असेल, नसली तरी वाच. पंचेचाळीस ओळींची कविता. दोन शेजारी, मध्ये दगडांची भिंत. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते, वरचे दगड ढासळतात. वसंत आला की दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी चालत जातात आणि आपापल्या बाजूला पडलेले दगड पुन्हा रचतात. निवेदकाला वाटतं, या भिंतीची गरजच काय? माझ्याकडे सफरचंदाची झाडं, याच्याकडे पाईनची. माझी झाडं काही पलीकडे जाऊन याची फळं खाणार नाहीत. शेजारी मात्र वडिलांकडून ऐकलेलं एकच वाक्य म्हणतो, ‘गुड फेन्सेस मेक गुड नेबर्स’. कुंपण चांगलं तर शेजारी चांगला.

मी नेहमीप्रमाणे सांगत होते की फ्रॉस्ट भिंतीच्या विरोधात आहे, भिंत हे माणसामाणसांतल्या दुराव्याचं प्रतीक आहे, वगैरे. मागच्या बाकावरून एक पोट्टा म्हणाला, ‘मॅडम, याले भित पटत नाही तं मंग शेजाऱ्याले बलावलं कायले?’

वर्ग हसला. मी पुस्तक उघडून पाहिलं. खरंच. टेकडीपलीकडच्या शेजाऱ्याला निरोप धाडतो तो निवेदकच. त्याच्याही आधी, शिकाऱ्यांनी सशामागे लागून भिंत पाडली की मागून जाऊन ती दुरुस्त करणाराही तोच, आणि तेव्हा शेजारी सोबत नसतो. म्हणजे तोंडानं भिंतीच्या विरोधात आणि हातानं भिंतीच्या बाजूनं. किती वर्षं ही कविता शिकवत होते, आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या पोराला ते का दिसलं, हे महत्त्वाचं आहे. त्याच्या घरचा धुऱ्याचा, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचा, वाद चालू होता. आपल्याकडे धुरा काय असतो ते तुला सांगायला नको. शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास जास्त घालतो, धुरा कोरत जातो, मग भांडण, मग मोजणीचा अर्ज. पण ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही त्याच्यासोबत मोजणीच्या दिवशी उन्हात उभं राहावंच लागतं, आणि कधीकधी तिथंच चहा होतो. त्या पोराला ठाऊक होतं की धुऱ्यावर कोण आधी येतो याला अर्थ असतो. म्हणून त्यानं कवितेतही तेच पाहिलं.

याला मी विश्लेषण म्हणते. ‘भिंत हे दुराव्याचं प्रतीक आहे’ हे वाक्य कविता न वाचताही लिहिता येतं. ‘भिंतीविरुद्ध बोलणारा निवेदकच ती उभी ठेवण्याची सुरुवात करतो’ हे लिहायला कविता वाचावी लागते. त्यावर कोणी वाद घालू शकतो, आणि वाद घालणाऱ्याला मजकुरातच उत्तर शोधावं लागतं. तुझ्या निबंधाचं मुख्य विधान असं असायला हवं. ते लिहिलं की स्वतःलाच विचार: कथानकाचा सारांश वाचलेला माणूस हे लिहू शकला असता का? शकला असता तर खोड.

एकदा विधान हाती आलं की पुढचं काम मजकुराच्या बारीक खुणा गोळा करायचं. याच कवितेत बघ. शेजाऱ्याचं वाक्य दोनदा येतं, आणि निवेदकाचं ‘समथिंग देअर इज दॅट डझन्ट लव्ह अ वॉल’ हेही दोनदाच. बरोबरी झाली. पण कवितेची शेवटची ओळ शेजाऱ्याला दिली आहे. का? दुसरी खूण. ‘भिंत कुठं लागते? जिथं गाई असतात तिथं ना? इथं तर गाई नाहीत’ हा निवेदकाचा युक्तिवाद आपल्याला फार पटतो. नीट वाचलं तर दिसतं की हे त्यानं शेजाऱ्याला ऐकवलंच, असं कविता म्हणत नाही. याच्या डोक्यात ही कल्पना घालता येईल का, असं तो मनाशी म्हणतो. म्हणजे त्याचं सगळ्यात चांगलं बोलणं कदाचित त्याच्या मनातच राहिलं. तिसरी खूण. दोन्ही हातांत दगड घेतलेला शेजारी त्याला अश्मयुगातल्या शस्त्रधारी रानटी माणसासारखा दिसतो. शेजाऱ्याला रानटी ठरवणारा हा माणूस खरंच भिंत पाडू पाहतोय, की त्यानं मनात आणखी एक रचली आहे? आता निबंधाला तीन परिच्छेद मिळाले, आणि प्रत्येकाला मजकुराचा पुरावा आहे.

त्या मुलानं उत्तरपत्रिकेत मात्र पानभर धुऱ्याच्या भांडणावर लिहिलं, आणि त्याचे गुण गेले. बरोबर गेले. गावचा अनुभव प्रश्न शोधायला वापरायचा, उत्तर कवितेतूनच द्यायचं. आपल्याकडच्या मुलांची ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, म्हणून आणखी एक उदाहरण देते.

जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही १९३९ची कादंबरी. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमिनीवरून हाकललं जातं आणि एका जुन्या गाडीत संसार भरून कॅलिफोर्नियाला निघतं. दुष्काळ, धुळीची वादळं, कापसानं पिळून निघालेली जमीन, बँकेचं कर्ज. विदर्भातला विद्यार्थी हे वाचतो आणि त्याचं पेन सुसाट सुटतं: आमच्याकडेही असंच आहे. पुढची चार पानं शेतकरी आत्महत्यांवर. भावना खरी असते, पण कादंबरी हातातून निसटते.

‘असंच आहे’ इथं थांबू नकोस, ‘कुठं असं नाही’ ते शोध. आपला शेतकरी बहुधा स्वतःच्या सातबाऱ्याचा मालक असतो आणि त्याच जमिनीवर राहून कर्जात बुडत जातो. जोड कुटुंबाकडे सातबारा नाही. ती आता कुळं आहेत, बटईवाल्यांसारखी. त्यांच्या वाट्याला जमिनीवर बुडणं येत नाही, जमिनीवरून उठवलं जाणं येतं. म्हणून ती कादंबरी रस्त्याची आहे. आता पाचवं प्रकरण काढ. ट्रॅक्टर घेऊन घरं पाडायला येणारा माणूस कोण? ओळखीच्याच एका शेतकऱ्याचा मुलगा, दिवसाला तीन डॉलर मिळतात म्हणून आलेला. कूळ म्हणतं, तुला गोळी घालीन. तो म्हणतो, मला मारून काय होणार, दुसरा येईल. मग हुकूम देणाऱ्याला मारतो. त्याला बँकेचा हुकूम. मग बँकेच्या अध्यक्षाला. त्यालाही वरून पूर्वेकडून हुकूम. शेवटी प्रश्न उरतो, आम्ही गोळी घालायची कुणाला? बँकेला स्टाइनबेक राक्षस म्हणतो. नफा हा त्या राक्षसाचा श्वास आणि पैशावरचं व्याज हे त्याचं अन्न. माणसांनीच तो केला, पण तो माणसांच्या ताब्यात नाही. कर्जासाठी सोसायटीच्या दारात उभ्या असलेल्या बापाला पाहिलेली मुलगी हे प्रकरण शहरातल्या मुलीपेक्षा खोल वाचू शकेल. पण लिहिताना तिनं हे दाखवायचं की स्टाइनबेक या प्रकरणात बहुतेक माणसांना नावं का देत नाही, ‘मालक’, ‘कूळ’, ‘ट्रॅक्टरवाला’ एवढंच का म्हणतो, आणि जोड कुटुंबाची गोष्ट मध्येच थांबवून अशी प्रकरणं का घालतो.

(जाता जाता. अमेरिका आपल्याला वाटते तितकी लांब नाही. १८६१ ते १८६५ची त्यांची यादवी सुरू झाली, दक्षिणेचा, गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाडाकडे वळली. कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्यांच्या गुलामगिरीवरच्या कादंबऱ्या वाचताना ही गोष्ट मनात असू दे. निबंधात घालू नकोस.)

मग शिकवणी कोणाची लावायची?

पैसे देण्याआधी एक परीक्षा घे. स्वतः लिहिलेलं एक पान त्या माणसाला दे, कितीही कच्चं असो, आणि तो त्याचं काय करतो ते बघ. तुझ्या पानाला हातही न लावता कवीचं चरित्र, युगाची वैशिष्ट्यं, महत्त्वाचे प्रश्न असं सांगत सुटला, तर तो बोलका गाईड आहे, आणि गाईड बाजारात स्वस्त मिळतं. तुझं पान घेऊन पूर्ण नव्यानं, सुंदर इंग्रजीत लिहून परत दिलं, तर तो आणखी धोक्याचा, कारण तुला वाटेल आपण शिकलो. तुझ्या एका वाक्याखाली रेघ मारून ‘हे कशावरून?’ असं ज्यानं विचारलं आणि उत्तर येईपर्यंत जो गप्प बसला, त्याला पैसे दे. असा माणूस पुण्या-मुंबईचाच असावा लागतो असं नाही. तुमच्या तालुक्यात एखादे निवृत्त शिक्षक असतील, जिल्हा परिषद शाळेत एम.ए. इंग्रजी झालेली एखादी बाई असेल, तुमच्याच कॉलेजची दोन वर्षं पुढची मुलगी असेल. अमेरिकन साहित्याचा पंडित नसला तरी चालतो. मजकूर समोर ठेवून प्रश्न विचारता येणं पुरे.

आणि मागताना बारीक माग. ‘मॅडम, बिलव्हेड समजावून सांगा’ असा फोन आला की मला घाम फुटतो. टोनी मॉरिसनची १९८७ची कादंबरी, वर्गात शिकवायला मला महिना लागायचा, फोनवर काय सांगू? एक मुलगी मात्र म्हणाली, ‘पहिल्या भागाच्या सुरुवातीला १२४ नंबरचं घर आकसखोर आहे, दुसऱ्याच्या सुरुवातीला गोंगाटाचं, तिसऱ्याच्या सुरुवातीला शांत. हे घर माणसासारखं का बोलतंय?’ तिच्याशी मी पाऊण तास बोलले. तिचं अर्धं काम तो प्रश्न तयार करण्यातच झालं होतं.

तासाची आखणीही तूच कर. माझ्या ओसरीवर रविवारी जी मुलं यायची त्यांना मी आधी उतारा मोठ्यानं वाचायला लावायचे, मग तो मराठीत, जमलं तर घरच्या बोलीत सांगायला. लाजायची पहिल्यांदा. पण इंग्रजीत ‘द पोएट ब्यूटिफुली डिस्क्राइब्ज’ म्हणून जे झाकता येतं ते वऱ्हाडीत झाकता येत नाही. कळलं नसेल तर लगेच उघडं पडतं. विधान मराठीत पक्कं झालं की मगच इंग्रजी. उरलेला वेळ एकाच परिच्छेदावर. पूर्ण निबंध एका तासात दाखवायला आणू नकोस, दोघांचाही वेळ वाया जातो.

आता मोबाईलवरच्या त्या यंत्राबद्दल, जे विचारलं की निबंध लिहून देतं. तू विचारलं नाहीस, पण वापरत असशील. अवघड वाक्याचा अर्थ विचारायला, व्याकरण तपासायला चालतं. अवतरणांसाठी अजिबात नको. एका मुलानं हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याच्या तोंडचं असं देखणं वाक्य आणलं होतं की मलाच शंका आली. दोघांनी मिळून पुस्तक पहिल्यापासून चाळलं. ते वाक्य पुस्तकात नव्हतंच. जे अवतरण तू स्वतः छापील पानावर बोट ठेवून दाखवू शकत नाहीस, ते घ्यायचं नाही.

त्या कोळ्यावरून आठवलं. मराठी अनुवाद वाचू का, असं मुलं चोरून विचारतात. उघड वाचा. ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून आणलं आहे, थोरोचं ‘वॉल्डन’ दुर्गाबाई भागवतांनी. आधी अनुवाद वाचून गोष्ट अंगात मुरू द्यावी आणि मग मूळ हातात घ्यावं, म्हणजे मुळात शब्द कसे ठेवले आहेत तिकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं राहतं. फक्त निबंधातला पुरावा मुळातलाच हवा, कारण शैलीवर लिहिताना तू हेमिंग्वेच्या वाक्यावर बोलते आहेस, पुलंच्या नाही.

अभ्यासाच्या साहित्याची चणचण आता पूर्वीसारखी नाही. आमच्या वेळी अमेरिकन साहित्यावरचं संदर्भाचं पुस्तक पाहायचं तर हैदराबाद गाठावं लागे. १९६४ साली उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघालं होतं, त्याचं ग्रंथालय मोठं. अकोल्याहून मीटर गेजच्या गाडीत रात्रभर हलत जायचं आणि आठवडाभर वह्या भरून परत यायचं. तू आधी कॉलेजच्या ग्रंथपालांना गाठ आणि एन-लिस्ट या ई-ग्रंथालयाचं लॉगिन माग. कॉलेज त्याचं सदस्य असेल तर घरी बसूनही ई-पुस्तकं आणि नियतकालिकं उघडतात. हे लॉगिन कपाटातल्या किल्लीसारखं पडून असतं, कोणी मागतच नाही. जुन्या लेखकांची मूळ पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. फ्रॉस्टचा ‘नॉर्थ ऑफ बॉस्टन’, ज्यात ‘मेंडिंग वॉल’ पहिल्यांदा पुस्तकात आली, तोही. फाइल हलकी असते, तालुक्याला गेलीस की उतरवून ठेव, गावात रेंज नसली तरी वाचता येईल. ई-पीजी पाठशाळेवर एम.ए.चे पाठ आहेत, ते पार्श्वभूमीसाठी बरे. शोधगंगेवर प्रबंध आहेत. ते वाच, पण सावधपणे. तिथं चांगले आहेत तसे एकमेकांतून उतरवलेलेही आहेत.

पार्श्वभूमीचं एक सांगते. निबंधाची सुरुवात जन्मतारखेनं करू नकोस. ‘रॉबर्ट फ्रॉस्टचा जन्म २६ मार्च १८७४ रोजी झाला’ या वाक्यानं सुरू होणारे शेकडो पेपर मी वाचले, आणि एकाही पोराला त्या तारखेचा पुढं उपयोग करता आला नाही. चरित्रातली गोष्ट घ्यायची तर ती विधानाला खांदा देणारी घे. न्यू इंग्लंडच्या मातीचा म्हणून ओळखला जाणारा हा कवी जन्मला सॅन फ्रान्सिस्कोत, वडील वारल्यावर पूर्वेला आला. आणि ‘नॉर्थ ऑफ बॉस्टन’ छापलं गेलं १९१४ साली लंडनला, तो शेत विकून इंग्लंडात राहत असताना. हातचं शेत गेलेला माणूस धुऱ्यावर कविता प्रसिद्ध करतो, हे घे. जन्मतारीख राहू दे.

राहिलं तुझं शेवटचं वाक्य, ‘माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून विश्लेषण जमत नाही’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कच्च्या इंग्रजीतला खरा मुद्दा आम्हाला तपासताना लगेच दिसतो, आणि बहुतेक तपासणारे त्याला गुण देतात. लहान वाक्यं लिही. एका वाक्यात एकच क्रियापद असलं तरी चालेल. साहित्यातल्या घटना वर्तमानकाळात लिहायच्या, निवेदक निरोप ‘पाठवतो’, ‘पाठवला’ नाही. अवतरण सुटं टाकून पुढं पळू नकोस, त्यातल्या एका शब्दावर तरी बोल. निवेदकाला फ्रॉस्ट म्हणू नकोस. ‘फ्रॉस्ट म्हणतो, कुंपण चांगलं तर शेजारी चांगला’ असं लिहिलेलं मी भाषणांतसुद्धा ऐकलं आहे. ते वाक्य शेजाऱ्याचं आहे आणि फ्रॉस्टनं ते त्याच्या तोंडी घातलं आहे. संदर्भ एमएलए पद्धतीनं हवेत की दुसऱ्या, ते कॉलेजात विचारून घे, त्यात गुण फुकट जातात.

महिना पुरतो. पहिला आठवडा नुसतं वाचन, तीच कविता पाच वेळा, त्यातली दोनदा मोठ्यानं. दुसऱ्या आठवड्यात मराठीत विधान आणि खुणा. तिसऱ्यात इंग्रजी मसुदा. चौथा मी मोकळा ठेवायला सांगते, कारण आता कापूस फुटलेला असेल आणि वेचणीला बाई मिळाली नाही तर घरचे तुलाच नेणार, हे मला ठाऊक आहे. रानात पुस्तक नेऊ नकोस, एका कागदावर दहा ओळी उतरवून ने.

आणि मला निबंध पाठवू नकोस. एक परिच्छेद पाठव. त्यात तुझं एक विधान असू दे, आणि ते ज्या ओळीवरून सुचलं ती ओळ.